उत्तरेच्या खिडकीतला निळा तुकडा

आधीच कबूल करते, या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं वाचत आले ते निव्वळ करमणूक म्हणून. जेवताना फोन हातात, आणि कुणाच्या तरी मावसभावाला घाटात दिसलेली पांढरी साडी... वाचायचं, हसायचं आणि खाली एखादी खोचक कमेंट टाकायची. 'झोप पूर्ण होत नसेल' ही माझी ठरलेली. ज्यांना ती लागली असेल त्यांची आज माफी मागते. कारण आता माझी पाळी आली आहे, आणि माझी झोप व्यवस्थित पूर्ण होते.

माझा अविश्वास शिक्षणातून आलेला नाही, घरातून आलेला आहे. आमचं घर बौद्ध. नायगावच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंगारा, ताईत, दृष्ट काढणं यातलं काहीही उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचे नाहीत. लहानपणी शेजारच्या मुलीने मला सांगितलं, जिन्यात एक बाई उभी असते. मी रडत घरी आले. अण्णांनी मला हाताला धरून त्याच जिन्यात नेलं, वरपासून खालपर्यंत दोनदा चालवलं आणि म्हणाले, "सुजू, तिला विचार, कुठल्या उजेडात बघितली?"

'कुठल्या उजेडात' हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता, कारण तोच त्यांचा धंदा होता. अण्णा गिरणीच्या रंगखात्यात शेड जुळवायचे. पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, कापडाचा एक तुकडा आणून देणार आणि म्हणणार, हाच रंग पाहिजे. मग अण्णा रंग कालवून, कापड उकळून, वाळवून तो रंग आणणार. त्यात एक गंमत असते. दोन कापडं ट्यूबलाइटखाली सख्ख्या बहिणी वाटतात, आणि तीच रस्त्यावर नेली की एक हिरवट दिसते, एक जांभळट. म्हणून रंगखात्यात शेड नेहमी उत्तरेच्या खिडकीत बघायची, सकाळी. तिथे ऊन थेट येत नाही, उजेड सरळ आणि शांत असतो. अण्णा म्हणायचे, "खरी शेड तीच, जी सगळ्या उजेडात एकच राहते. बाकी सगळं मेकअप."

शेड जुळली की तुकडा शेडबुकात लावायचा. लांबट वही, पानापानावर टाचलेले तुकडे, बाजूला अण्णांचं अक्षर. पार्टीने शेड पास केली की तो तुकडा मधोमध कापायचा. अर्धा पार्टी घेऊन जाणार, अर्धा वहीत राहणार. पुढे कधी भांडण झालंच तर दोन्ही अर्धे शेजारी ठेवून बघायचे. गिरणी बंद झाली तेव्हा कुणी काय काय घेऊन घरी आलं. अण्णा ती वही घेऊन आले.

पुढेही त्यांचा हात काही थांबला नाही. स्टोव्हवर एक जुना टोप ठेवून ते चाळीतल्या बायकांच्या ओढण्या रंगवून द्यायचे. एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी मंडळाची पोरं पांढऱ्या कापडाचा गठ्ठा आणून टाकायची, कारण बाजारातला निळा अण्णांना पसंत नसायचा. आठ दिवस आमच्या गॅलरीत निळे झेंडे वाळत असायचे आणि अण्णांची नखं मे महिन्यापर्यंत निळी राहायची.

आता माझं काम. मी दक्षिण मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत आहे. सूर्यापासून लांबच्या ग्रहांच्या, खास करून युरेनस आणि नेपच्यूनच्या, वातावरणात काय आहे ते मी त्यांच्या प्रकाशावरून शोधते. सोपं करून सांगायचं तर सूर्याचा उजेड त्या ग्रहावर पडतो, तिथले वायू त्यातला काही भाग खातात, उरलेला आपल्याकडे येतो. तो उजेड रंगारंगात पसरून त्याची एक रेष काढायची. वायूने जिथे उजेड खाल्ला तिथे रेषेला खड्डा पडतो, आणि प्रत्येक वायूचे खड्डे ठरलेले असतात. या दोन ग्रहांवर मिथेन भरपूर. तो लाल उजेड खातो, म्हणून ते निळसर दिसतात. मिथेनचे खड्डे मला माझ्या हातावरच्या रेषांपेक्षा जास्त पाठ आहेत.

आणखी एक गोष्ट, पुढे लागेल म्हणून सांगते. आपण हे सगळं जमिनीवरच्या दुर्बिणीतून बघतो, म्हणजे आपल्याच हवेतून. त्यामुळे प्रत्येक रेषेत आपल्या हवेतल्या ऑक्सिजनचा एक खड्डा येतोच. गणित करून तो पुसायचा असतो, पण कितीही पुसा, थोडा डाग राहतो.

अण्णांना मी हे समजावून सांगितलं होतं. ते खूश झाले. "म्हणजे तू पण रंगखात्यातच की! फक्त खिडकीची काच न पुसता शेड बघतेस." दुर्बीण परदेशात डोंगरावर आणि मी इथे खुर्चीत बसून काम करते म्हटल्यावर म्हणाले, "उंटावरून शेळ्या हाकायच्या. चालू द्या."

भांडण झालं ते नेपच्यूनवरून. मी तेव्हा पीएचडी करत होते. लॅपटॉपवर त्यांना नेपच्यूनचा तो प्रसिद्ध गडद निळा फोटो दाखवला. वाटलं, निळ्याचे दर्दी आहेत, खूश होतील. अण्णांनी चष्मा वर केला, लॅपटॉप उचलून खिडकीशी नेला, परत आणला.

"हा चढवलाय."

"म्हणजे?"

"रंग जास्त चढवलाय कोणीतरी. असा नसणार तो. फिका असणार, हिरव्याकडे झुकणारा. कुठल्या उजेडात काढलाय?"

"अण्णा, तिथे यान गेलं होतं! खरंखुरं. फोटो काढून पाठवलेत त्याने."

"यान गेलं असेल गं. पण निळा मला शिकवू नकोस."

त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलेलं होतं. गाइडने प्रकरण परत पाठवलेलं. मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं? ओढण्या रंगवण्याइतकं सोपं नाहीये ते."

आई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. अण्णांनी चष्मा घातला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी सॉरी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे नेहमीसारखे बोललो, त्यामुळे म्हणायची गरज वाटली नाही. घरातली भांडणं अशीच मिटतात, म्हणजे मिटतच नाहीत.

सहा महिन्यांनी अण्णा गेले. रंगखात्यातल्या वाफांनी छाती कधीच पोखरली होती. शेवटचे दोन आठवडे हॉस्पिटलात, ऑक्सिजनवर. मास्क काढला की ओठ निळसर व्हायचे. बोलता यायचं नाही. मी हात धरून बसायचे आणि नखांकडे बघत राहायचे. तेवढी स्वच्छ नखं त्यांची मी कधी पाहिलीच नव्हती.

आणि मग मला कळलं की त्यांचं बरोबर होतं. त्या जुन्या फोटोंत ढग नीट दिसावेत म्हणून रंग चढवलेला होता. आमच्या क्षेत्रातल्या जुन्या मंडळींना ते ठाऊक होतं, मला नव्हतं. पुढे लोकांनी ते गणित नव्याने मांडलं, मीही माझ्या रेषांवरून मांडून पाहिलं. नेपच्यून फिकाच आहे, हिरव्याकडे झुकणारा. माझ्या स्क्रीनवर तो रंगाचा चौकोन उमटला तेव्हा मी सगळ्यात आधी फोन उचलला... घरी लावायला. नंबर काढला आणि मग आठवलं की सांगायचं ज्यांना तेच नाहीत. 'अण्णा, तुमचं बरोबर होतं.' चार शब्द. तेव्हापासून मी ते घेऊन फिरत होते.

चाळींच्या पुनर्विकासात या वर्षी आमच्या इमारतीचा नंबर लागला. खोली रिकामी करून ट्रान्झिटला जायचं, शनिवारी सकाळी अकराला चावी द्यायची. बुधवारी आई आणि मी माळा उपसत होतो. डबे, गाद्या, माझ्या शाळेची पदकं, आणि तळाशी चादरीत गुंडाळलेली ती वही. मी ती सहा वर्षांत उघडली नव्हती. जमलं नव्हतं.

शेवटच्या पानावर एक तुकडा होता. पॉपलिनचा, हाताच्या पंजाएवढा, फिका हिरवट निळा. बाजूला अण्णांचं थरथरतं अक्षर — 'नेपच्यून. उत्तर खिडकी, सकाळ. पार्टी : सुजू.'

मी जमिनीवरच बसले. आईने माझ्या खांद्यावरून बघितलं.

"हां... हा केलेला त्यांनी. तुझं भांडण झालं ना, त्यानंतर. तू कॉलेजात गेलीस की टोप चढवायचे. घरभर सडक्या अंड्याचा वास. मी म्हटलं, अहो, शेजारचे घरी येतील विचारायला!"

तो वास गंधकाच्या रंगांचा, हे मला माहीत आहे. आणि युरेनसच्या ढगांत त्याच सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सापडलाय, हेही. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू.

"मला का नाही सांगितलंत?"

"ते म्हणाले, जुळला की दाखवीन. मग दवाखाना लागला." आईने तुकड्यावरून बोट फिरवलं. "अख्खा आहे बघ. म्हणजे पास नाही झालेला अजून."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी तो रंग शोधायला सूर्यमालेच्या टोकापर्यंत गेले आणि तो आमच्या माळ्यावर होता. पण मी पडले मोजमापवाली. नुसतं डोळ्यांनी 'छान आहे' म्हणून भागेना. अण्णांना आकड्यांत उत्तर द्यायचं होतं. म्हणून गुरुवारी वही पिशवीत घालून मी बसने ऑफिसला गेले.

आमच्या लॅबमध्ये कुठल्याही वस्तूवरून परतणाऱ्या उजेडाची रेष काढणारं यंत्र आहे. ते परबकाका सांभाळतात. मूळचे मालवणचे, जन्म लालबागचा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली.

"काय गो, कापडाचो धंदो सुरू केलंस काय?"

"वडिलांचं आहे, काका. जरा लावा ना."

त्यांनी तुकडा टाचणी काढून जपून लावला. रेष स्क्रीनवर डावीकडून सरकायला लागली. निळ्या भागात वर, हिरव्यात वर... आणि मग लालच्या अलीकडे तिला एक खड्डा पडला. पुढे दुसरा, त्याहून खोल. त्याच्यापुढे, डोळ्यांना दिसतच नाही त्या भागात, तिसरा... रेष जवळजवळ तळाला टेकली.

मी खुर्ची ओढून बसले. सुती कापडाची रेष अशी नसते. रंग कुठलाही असो, कापडाची रेष गोलसर टेकडीसारखी येते. असे अरुंद, धारदार खड्डे वायूचे असतात.

"ह्या मिथेन आसा," परबकाका हळूच म्हणाले. माझ्या रेषा काढून काढून त्यांनाही पाठ झालंय. मग लगेच, "फाईल चुकली आसतली. तुझो जुनो डेटा उघडलो."

फाइल बंद केली. यंत्र बंद करून चालू केलं. पांढरी चकती लावून बघितलं — सपाट रेष, बरोबर. माझा रुमाल लावला — टेकडी, बरोबर. पुन्हा तुकडा लावला. तीन खड्डे. नेपच्यूनचेच, तितकेच खोल. शुक्रवारी सकाळी परत केलं. तेच.

इथे मला अण्णांचं 'सगळ्या उजेडात एकच' हे वाक्य आठवलं. दोन वस्तू सगळ्या उजेडात एकच कधी दिसतील? त्यांच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत एक असतील तेव्हाच. दुसरा मार्ग नाही, हे भौतिकशास्त्र आहे. अण्णांनी खरी शेड जुळवायची ठरवली असती तर ती अशीच जुळवावी लागली असती, खड्ड्यांसकट. फक्त स्टोव्हवरच्या टोपात ते होत नाही. जगातल्या कुठल्याच टोपात होत नाही.

परबकाकांनी तुकडा माझ्या हातात दिला तो एखाद्या तान्ह्या पोरासारखा. "ह्येका आता हात लावू नको. असोच अख्खो ठेव. दुसऱ्या लॅबात धाडूया. कोणीतरी सांगतलोच."

बरोबर होतं त्यांचं. कुठलाही शहाणा माणूस हेच सांगेल. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं.

शनिवारी सकाळी खोली रिकामी होती. सामान खाली टेम्पोत, आई गॅलरीत शेजारणींच्या गळ्यात. मी वही घेऊन खिडकीशी उभी राहिले. आमच्या खोलीची ती एकच खिडकी, आणि ती उत्तरेला. याच खिडकीत त्यांनी हा तुकडा धरला असणार. आणखी काही दिवसांनी ना खिडकी राहणार, ना भिंत. या उजेडात ही शेड बघायची असेल तर आजच, आत्ताच.

मी तुकडा उजेडात धरला. रंगाबद्दल काय सांगू... जो रंग मी वर्षानुवर्षं आकड्यांत बघितला, तो माझ्या हातात होता आणि त्याला इस्त्रीच्या घड्या होत्या. मला अण्णा इतके हवे होते त्या क्षणी. भूत नको, आत्मा नको, साधे अण्णा, चष्मा वर करून शेजारी उभे राहिलेले, 'बोल, पार्टी काय म्हणते?' असं विचारणारे.

आई आत आली. मी म्हटलं, "कात्री कुठेय?"

"पर्समध्ये. कशाला?"

"पास करायचंय."

परबकाकांचं बोलणं कानात होतं. कापल्यावर काय होईल मला माहीत नव्हतं. काही होईल असंही वाटलं नव्हतं. इतकंच कळत होतं की अख्खा तुकडा म्हणजे पुरावा, आणि कापलेला तुकडा म्हणजे उत्तर. ते सहा महिने माझ्या उत्तराची वाट बघत होते आणि मी कॉलेजातून येऊन त्यांच्यासमोर जेवत होते. त्यांना आणखी ताटकळत ठेवायची माझ्यात ताकद नव्हती.

मी मधोमध कापला. मोठ्याने म्हटलं, "अण्णा, तुमचं बरोबर होतं. पास." आईने तोंडाला पदर लावला. एक अर्धा मी वहीत टाचला, एक माझ्या पाकिटात ठेवला. झालं काहीच नाही. वारा नाही, आवाज नाही. खालून टेम्पोवाल्याने हॉर्न मारला आणि आम्ही कुलूप लावून उतरलो.

सोमवारी परबकाकांनी दोन्ही अर्धे यंत्राला लावले. गोलसर टेकडी. साधं, सुती, रंगवलेलं कापड. एकही खड्डा नाही. त्यांनी चारदा करून बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "कापलंस?" मी मान हलवली. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते चहा सांगायला उठले.

गुरुवार आणि शुक्रवारच्या फाइली मात्र अजून आहेत, वेळेसकट. आमच्या ग्रूपमध्ये एकदोघांना दाखवल्या. ते म्हणाले, तुझ्या नेपच्यूनच्या डेटाशी गल्लत झाली, दुसरं काय! मीही शेवटी तेच धरून चालले. रोज कामाला जायचं तर काहीतरी धरावं लागतं.

मग परवा, ट्रान्झिटच्या घरात, जिथल्या खिडकीतून फक्त समोरची भिंत दिसते, मी त्या फाइली पुन्हा उघडल्या. माझी नेपच्यूनची खरी रेष आणि तुकड्याची रेष एकावर एक ठेवली. खड्डे तंतोतंत. फक्त एका ठिकाणी दोन रेषा वेगळ्या होत्या. माझ्या रेषेत आपल्या हवेचा तो डाग होता, ऑक्सिजनचा, कितीही पुसला तरी उरणारा. माझ्या प्रत्येक फाइलमध्ये तो आहे. गल्लत झाली असती तर इथेही असायला हवा होता. तुकड्याच्या रेषेत तो नव्हता. तिथे रेष अगदी स्वच्छ होती, काच पुसल्यासारखी.

कापडात मिथेन नसतो, आणि जमिनीवरून घेतलेला नेपच्यून ऑक्सिजनच्या डागाशिवाय येत नाही. म्हणजे ती रेष ना कापडाची, ना माझी; ती आपल्या हवेच्या बाहेर जाऊन बघितल्यासारखी होती. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, 'झोप पूर्ण होत नसेल' असं लिहिलंत तरी मी रागावणार नाही. मी मात्र त्या स्वच्छ जागेकडे खूप वेळ बघत बसले. शेवटचे दोन आठवडे अण्णांना एकेका श्वासाला ऑक्सिजन लागत होता. ही शेड ज्याने कुणी बघितली, त्याला तो लागत नव्हता.